मज्जातंतूंतला निरोप विजेच्या वेगाने जातो? छे!

आडवाट

शरीरातले निरोप 'विजेच्या वेगाने' मेंदूपर्यंत पोचतात, हे वाक्य दर परीक्षेत निम्म्याअधिक उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं. (नर्सिंगच्या मुलामुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे असली वाक्यं खोडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा.) तांब्याच्या तारेतला संकेत सेकंदाला लाखभर किलोमीटरपेक्षा जास्त पल्ला मारतो. आपल्या शरीरातला सगळ्यात चपळ तंतू सेकंदाला १२० मीटरच्या आसपास दमतो. आणि सगळ्यात संथ तंतू? सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. म्हणजे माणूस रमतगमत चालेल तो वेग. दोन्हीकडे वीज आहे हे खरं, पण तफावत एवढी असेल तर आत काहीतरी वेगळंच चाललेलं असणार. त्यावर हा धागा.

चेतापेशीला एक धड असतं, धडाला निरोप घेणारे आखूड फाटे असतात आणि निरोप पुढे नेणारी एक लांब शेपटी असते: अक्षतंतू. लांब म्हणजे किती, तर कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू चांगला मीटरभर भरतो. धड बघायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि शेपटी मीटरभर! अशा हजारो शेपट्यांची जुडी म्हणजे शरीरशास्त्राच्या चित्रांत पिवळ्या रंगाने दाखवतात ती नस.

आता मुद्द्याचं. पेशीच्या पटलाच्या (तिच्याभोवतीच्या पातळ आवरणाच्या) आत आणि बाहेर क्षार सारखे नसतात. बाहेर सोडियम भरपूर, लिटरमागे १४५ मिलिमोलच्या आसपास. आत जेमतेम १० ते १५. पोटॅशियमचं बरोबर उलटं: आत १४०च्या घरात, बाहेर ४ ते ५. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलात बसलेले पंप एटीपीचा (पेशीच्या इंधनाचा) एकेक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर ढकलतात आणि २ पोटॅशियम आत घेतात, दिवसरात्र. येन्स स्कू यांनी हा पंप १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना शोधला. नोबेल मिळालं १९९७ साली. ४० वर्षं!

शांत बसलेल्या पेशीच्या पटलातून पोटॅशियम थोडंथोडं बाहेर झिरपत असतं. धनभार बाहेर गेला की आतली बाजू ऋण होते, साधारण उणे ७० मिलीव्होल्ट. शाळेतल्या प्रयोगातल्या सेलच्या मानाने अगदीच किरकोळ. पण ही पेशीची ताणून धरलेली अवस्था आहे. बाहेर सोडियम दाटीवाटीने उभा आहे, त्याला आत यायचंय आणि दारं बंद आहेत.

ही दारं म्हणजे पटलातली प्रथिनं. त्यांना व्होल्टेज 'कळतं'. आतला ऋणपणा उणे ५५च्या आसपास उतरला की सोडियमची दारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणात आतली बाजू अधिक ३० ते ४० मिलीव्होल्टवर जाते. मग ही दारं स्वतःहून अडकतात, पोटॅशियमची दारं उशिराने उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि व्होल्टेज पुन्हा खाली येतं. अख्खं नाटक एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतं.

आणि इथेच ती 'विजेच्या वेगाने' वाली गफलत आहे. पायाच्या अंगठ्याजवळ आत शिरलेला सोडियमचा आयन (भारित कण) मेंदूकडे जातच नाही. तो शिरला तिथेच आसपास राहतो. आयनांची हालचाल तंतूला आडवी, आतबाहेर. निरोप मात्र तंतूच्या लांबीने जातो. इथे सोडियम शिरला की शेजारच्या पटलाचं व्होल्टेज थोडं हलतं, तिथली दारं उघडतात, तिथे सोडियम शिरतो, मग त्याच्या शेजारी. फटाक्याच्या वातीत ठिणगी पुढे सरकते, तसं. मुळातली ठिणगी शेवटपर्यंत प्रवास करत नाही, प्रत्येक ठिकाणी नवी पेटते. म्हणून निरोप मीटरभर गेला तरी तसूभरही क्षीण होत नाही. आणि म्हणूनच तो संथ आहे: प्रत्येक टप्प्यावर दारं उघडायला वेळ लागतो. वातीची उपमा एका बाबतीत मात्र तोकडी पडते. वात एकदाच जळते, तंतू काही मिलिसेकंदांत पुन्हा तयार.

ठिणगी मागे का फिरत नाही? कारण नुकतीच अडकलेली सोडियमची दारं थोडा वेळ काही केल्या उघडत नाहीत. मागचा रस्ता बंद, पुढचाच मोकळा.

हे सगळं समजलं ते माकुळामुळे, म्हणजे समुद्रातल्या स्क्विडमुळे. माकुळाच्या अंगात अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा अक्षतंतू असतो, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथला हॉजकिन आणि हक्स्ली या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी त्यात काचेची बारीक नळी लांबीच्या दिशेने सरकवली आणि आतलं व्होल्टेज पहिल्यांदा थेट मोजलं. तोवर समज असा होता की निरोप जाताना व्होल्टेज फक्त शून्यावर येतं. त्यांना दिसलं की ते शून्य ओलांडून वर जातं. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि काम खोळंबलं. १९५२ साली त्यांनी गणितासकट सगळं मांडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा नेमका बंद होता, म्हणून हक्स्लींनी ती समीकरणं हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. नोबेल १९६३ साली.

मायलिन (तंतूभोवतीचं मेदाचं वेष्टण) आणि दोन पेशींमधली फट राहिलीच. टंकून बोटं दुखली. प्रतिसादांत बोलू.

---

नीलमोहर

मस्त धागा! वाचनखूण साठवली.

एक शंका. ठेच लागली की आधी 'काहीतरी लागलं' एवढंच कळतं, मग चटका, आणि जरा वेळाने ती जीव काढणारी कळ. हे वेगवेगळं का येतं? निरोप तर एकच ना?

---

आडवाट

नीलमोहर, एक नव्हे, निदान तीन. एकाच बोटातून निघालेले, पण वेगवेगळ्या तंतूंवरचे.

स्पर्श आणि दाब नेणारे तंतू जाड, मायलिनचं वेष्टण असलेले, सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. तीक्ष्ण वेदनेचे तंतू बारीक, पातळ वेष्टणाचे, सेकंदाला ५ ते ३०. आणि ती रेंगाळणारी कळ नेणारे तंतू अगदी बारीक, वेष्टणच नाही, सेकंदाला फार तर दोन मीटर. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरा. पहिला निरोप पंधरा-वीस मिलिसेकंदांत पोचतो, तिसऱ्याला सेकंद लागू शकतो. 'आई गं' म्हणून झाल्यावर खरी कळ येते ती यामुळे.

तंतूंची ही प्रतवारी एर्लांगर आणि गॅसर या जोडीने लावली, १९४४चं नोबेल त्यांना. आणि ठेच लागल्यावर आपण बोट घट्ट दाबून चोळतो ना, त्यातही अर्थ आहे. स्पर्शाचे जाड तंतू चाळवले की मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला अटकाव होतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. तिचे तपशील पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकला.

---

चौकोनी

भौतिकशास्त्रवाल्याचे दोन आणे.

१. ७० मिलीव्होल्टला किरकोळ म्हणू नका. पटलाची जाडी सात-आठ नॅनोमीटर. भागाकार करा: मीटरला कोटीभर व्होल्ट! कोरड्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. पटल त्याच्या तिप्पट विद्युतक्षेत्र जन्मभर सोसतं. त्या प्रथिनांना व्होल्टेज 'कळतं' ते यामुळेच. रेणूवर असलेल्या भारांना एवढं क्षेत्र चांगलंच ओढतं.

२. मला पटलं नाही ते हे. प्रत्येक निरोपाला सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर जाणार असेल, तर सेकंदाला शेकडो निरोप पाठवणारा तंतू काही मिनिटांत रिकामा व्हायला हवा. पंप एवढ्या वेगाने भरून काढतो?

---

आडवाट

चौकोनी, पहिल्या मुद्द्याला दंडवत, वर्गात वापरणार.

दुसरा मुद्दा. व्होल्टेज १०० मिलीव्होल्टने हलवायला फारच थोडे आयन लागतात. माकुळाच्या जाड तंतूत एका निरोपासाठी आतल्या पोटॅशियमचा लाखावा हिस्सासुद्धा खर्च होत नाही. पंप विष घालून बंद पाडला तरी असा तंतू हजारो निरोप पाठवत राहतो. म्हणजे पंप निरोप पाठवत नाही, तो नंतर निवांत आवराआवर करतो. बारीक तंतूंत आतली जागाच कमी, तिथे खर्च जास्त जाणवतो, हे मात्र खरं.

यावरचा एक प्रयोग मला भलताच आवडतो. केंब्रिजच्याच मंडळींनी १९६०च्या सुमारास माकुळाचा तंतू पसरून त्यावरून छोटा रबरी रोलर फिरवला आणि आतला सगळा गर पिळून बाहेर काढला. उरली नुसती चपटी नळी. ती पोटॅशियमच्या साध्या द्रावणाने पुन्हा फुगवली आणि टोकाला विजेचा झटका दिला. निरोप गेला! एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. आतली सगळी यंत्रणा फेकून दिलेली, फक्त पटल आणि दोन बाजूंना दोन वेगळे क्षार. निरोपाला तेवढंच लागतं.

---

सायंतारा

मी एनसीव्ही करते. म्हणजे डॉक्टर 'नसांची तपासणी करून या' म्हणतात ती. हा धागा म्हणजे माझ्या रोजच्या कामाचं वर्णन आहे, म्हणून राहवलं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर स्नायू आहे त्यावर आम्ही एक इलेक्ट्रोड चिकटवतो. मग मनगटावर, नस जिथून जाते तिथे, झटका देतो. अंगठा टुणकन उडतो, पडद्यावर एक टेकाड दिसतं. झटक्यापासून टेकाडापर्यंतचा वेळ टिपायचा. मग तोच झटका कोपराच्या वळणात. टेकाड तसंच, फक्त थोडं उशिरा. दोन वेळांची वजाबाकी करायची, दोन जागांमधलं अंतर साध्या टेपने मोजायचं, भागाकार. निरोगी हातात सेकंदाला ५० मीटरच्या वर यायला हवा.

लोक विचारतात, दोनदा झटका कशाला? एकाच जागेवरून केलं तर त्या वेळात नस आणि स्नायू यांच्यामधल्या फटीचा वेळ आणि स्नायूचा स्वतःचा वेळ मिसळलेला असतो. वजाबाकीत तो उडून जातो, नसेचा तेवढा उरतो.

आणि हो, सगळ्यात मोठी फसगत गार हात. दर अंश सेल्सिअसला वेग दीड-दोन मीटरने घसरतो. एसीत बसून आलेल्या माणसाची नस उगाच आजारी दिसते. म्हणून आधी त्वचेचं तापमान बघायचं, हात गरम करायचा, मगच यंत्र लावायचं. अहवालात तापमान लिहिलेलं नसेल तर मी तो अहवाल जपूनच वाचते.

---

आडवाट

सायंतारा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. आणि गंमत बघा, ही वजाबाकी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाची आहे. १८५० साली त्याने बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याची नस घेऊन नेमकं हेच केलं: नसेला स्नायूजवळ झटका, मग लांब झटका, आणि आकुंचनाच्या वेळांतला फरक. वेग आला सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांना वाटत होतं की हा वेग मोजण्याचं साधन माणसाला बहुधा कधीच मिळणार नाही. वेग प्रकाशाच्या तोडीचा असेल अशी तेव्हा कल्पना होती. निघाला धावत्या घोड्याहून थोडा जास्त.

---

खडूफळा

सायंतारा ताई, पण आडवाट म्हणतात निरोप एकाच दिशेने जातो. तुम्ही तर मधेच झटका देता. मग तो मागे, मज्जारज्जूकडे नाही जात?

---

सायंतारा

जातो की! पकडलंत बरोबर. मधे पेटवलं तर दोन्ही बाजूंचे रस्ते मोकळे असतात, निरोप दोन्हीकडे जातो. शरीरात एरवी निरोप एका टोकाला सुरू होतो म्हणून एकच दिशा दिसते.

उलटा गेलेला निरोप मज्जारज्जूतल्या पेशीच्या धडापर्यंत पोचतो आणि काही पेशींत तिथून पुन्हा सुलटा निघून हातापर्यंत येतो. पडद्यावर मुख्य टेकाड संपल्यावर, पंचवीस-तीस मिलिसेकंदांनी, एक बारीकशी लाट दिसते, ती हीच. तिला एफ लाट म्हणतात. मानेजवळचा भाग, जिथे आम्हाला इलेक्ट्रोड नीट लावता येत नाही, त्याची खबर ती आणते.

---

तिसरा_डोळा

मायलिनबद्दल कुणी काही लिहीना, म्हणून चौकोनींना चिथावणी: माकुळ जाड तंतू करून वेग मिळवतो, आपण बारीक तंतू ठेवून त्याच्या चौपट वेग मिळवतो. कसं?

---

चौकोनी

घ्या, चिथावलो.

वेष्टण नसलेल्या तंतूत वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. माकुळाचा अर्धा मिलिमीटरचा तंतू सेकंदाला २५ मीटर धरा. आपल्याला १०० हवेत, म्हणजे चौपट. व्यास सोळापट लागणार. एक तंतू ८ मिलिमीटर जाड! आपल्या डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या एका नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. बसवा आता कवटीत.

मायलिन ही वाट काढतं. तंतूभोवती दुसऱ्या पेशी स्वतःचं पटल गुंडाळतात, थरावर थर, मेदाने भरलेले. मज्जारज्जूबाहेर हे काम श्वान पेशी करतात. मधेमधे, मिलिमीटरभराच्या आगेमागे, एकेक मायक्रोमीटरची उघडी जागा सोडलेली असते. ही रानव्हिएची खाच. सोडियमची दारं याच खाचांत खच्चून भरलेली. वेष्टणाखालून व्होल्टेजचा बदल झपाट्याने पुढच्या खाचेपर्यंत पोचतो आणि तिथे ठिणगी नव्याने पेटते. दारं उघडायचा वेळ प्रत्येक मायक्रोमीटरला न लागता फक्त खाचेपाशी लागतो. त्यामुळे वीस मायक्रोमीटर जाडीच्या तंतूतून शंभर मीटरचा वेग.

खर्चही वाचतो, कारण आयनांची ये-जा फक्त खाचांत.

---

पाणकोंबडी

हेच वेष्टण गेलं की मल्टिपल स्क्लेरोसिस का? ओळखीत एकांना आहे, म्हणून विचारते.

---

आडवाट

हो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती खाते. गियाँ-बारे आजारात बाहेरच्या नसांवर हल्ला होतो. मायलिन गेलेल्या जागी निरोप रेंगाळतो किंवा मधेच विझतो, कारण उघड्या पडलेल्या भागात सोडियमची दारं फारशी नसतातच. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बऱ्याच जणांना गरम पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा तापात त्रास तात्पुरता वाढलेला जाणवतो. जेमतेम टिकून असलेला निरोप तापमान वाढलं की अडतो, कारण दारं लवकर मिटतात आणि पुढच्या खाचेला पुरेसा धक्का मिळत नाही. सायंतारांच्या गार हाताची उलटी बाजू.

---

खडूफळा

मूलभूत प्रश्न. सगळे निरोप एकाच उंचीचे, एकाच आकाराचे, क्षीण होत नाहीत, वाढत नाहीत. मग हळूच टोचलं की जोरात टोचलं हे मेंदूला कळतं कसं?

---

आडवाट

संख्येने. हळू टोचलं तर सेकंदाला पाच-दहा निरोप, जोरात टोचलं तर शंभर. शिवाय जोरात टोचलं की आजूबाजूचे आणखी तंतूही बोलायला लागतात. एकट्या तंतूवर हे एड्रियनने १९२०च्या दशकात दाखवलं. त्याला आणि शेरिंग्टनला १९३२चं नोबेल.

आणि 'हा स्पर्श, हा प्रकाश' हे निरोपात कुठेच लिहिलेलं नसतं. निरोप कुठल्या तंतूवरून आला त्यावर मेंदू ते ठरवतो. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यावर अलगद बोट दाबून बघा (अलगद!). विरुद्ध बाजूला उजेडाचं कडं दिसतं. दिलात दाब, दिसला उजेड, कारण तार डोळ्याची.

---

तिसरा_डोळा

आता ती फट. दोन पेशींमध्ये वीज उडी मारते, असं आम्ही शिकलो होतो.

---

आडवाट

बहुतेक ठिकाणी नाही मारत. तंतूच्या टोकाशी निरोप पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतो आणि रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या पटलाला चिकटून फुटतात. प्रत्येक पिशवीत काही हजार रेणू. ते २० ते ४० नॅनोमीटरची फट ओलांडून पलीकडच्या ग्राहक प्रथिनांना (रिसेप्टरना) चिकटतात आणि तिकडची दारं उघडतात. सगळ्याला अर्धा मिलिसेकंद वगैरे. बर्नार्ड कॅट्झने दाखवलं की हे रसायन पाझरत नाही, पिशव्यांच्या हिशेबात, पूर्णांकात सुटतं.

ही गोष्ट आधी कुणी मानत नव्हतं. 'ठिणगी की रसायन' हे भांडण काही दशकं चाललं. ऑटो लोवीने १९२१ साली दोन बेडकांची हृदयं घेतली, दोन्ही क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्याच्या वेगस नसेला (मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या) झटके दिले, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी काढून दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याला कुणी हात लावला नव्हता, नस नव्हती, झटका नव्हता. तेही मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते अॅसिटिलकोलीन. लोवी आणि डेल, १९३६चं नोबेल.

औषधं आणि विषं बहुतेक याच फटीत खेळतात. क्युरारी (बाणांना लावायचं विष) ग्राहक अडवतं. बोट्युलिनम (जिवाणूचं विष) पिशव्या फुटूच देत नाही. काही कीटकनाशकं अॅसिटिलकोलीन साफ करणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात, मग निरोप संपतच नाही आणि स्नायू थरथरत राहतात.

---

चौकोनी

नोंद असावी म्हणून: काही ठिकाणी फट जवळजवळ नसतेच, दोन पेशी बारीक नळ्यांनी थेट जोडलेल्या असतात आणि तिथे वीज खरोखरच पलीकडे जाते. १९५९ साली क्रेफिशमध्ये (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्यात) हे नीट दाखवलं गेलं, आपल्या मेंदूतही असे जोड आहेत. म्हणजे भांडणात हरलेली बाजू अगदीच खोटी नव्हती.

---

पाणकोंबडी

दाढ काढताना इंजेक्शन देऊनही मला दुखलं. डॉक्टर म्हणाले पू झालाय म्हणून औषध चढत नाही. बहाणा होता का?

---

आडवाट

बहाणा नव्हे. लिडोकेन, म्हणजे बधिर करायचं ते औषध, सोडियमच्या दारांना आतल्या बाजूने बूच मारतं. आत जायचं तर आधी पटल ओलांडायला हवं आणि ते फक्त भाररहित रेणूला जमतं. सूज आणि पू असलेली जागा आम्लधर्मी होते, तिथे औषधाच्या बहुतेक रेणूंवर भार चढतो आणि ते बाहेरच अडकतात. म्हणून अशा वेळी आधी पू कमी करतात किंवा नस आणखी मागे, निरोगी जागी बधिर करतात.

---

नीलमोहर

शेवटचा प्रश्न, मग पळते. मधुमेहात बधिरपणा पावलांपासूनच का सुरू होतो? आणि कापली गेलेली नस परत वाढते म्हणतात ते खरं का?

---

आडवाट

दोन्हींचं उत्तर लांबीत आहे. अक्षतंतूला लागणारं बहुतेक सामान धडात तयार होतं आणि तिथून वाहून न्यावं लागतं. सगळ्यात जलद वाहतूक दिवसाला ४० सेंटिमीटर, म्हणजे पावलापर्यंत अडीच दिवस. संथ वाहतूक दिवसाला काही मिलिमीटर. वाढलेल्या साखरेने पेशी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या खराब झाल्या की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं. बधिरपणा पायाच्या बोटांपासून वर चढतो, मोजे घातल्यासारखा, आणि बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपास आला की हाताची बोटं सुरू होतात. बधिर पावलाची जखम कळतच नाही, म्हणून ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तळवे रोज डोळ्यांनी तपासावेत. बाकी डॉक्टरांना विचारा, मी शिकवते फक्त.

नस परत वाढते, पण हातापायातली. मज्जारज्जूतली जवळजवळ नाही. वेग दिवसाला मिलिमीटर, फार तर दोन.

---

सायंतारा

यात भर घालते. कोपराजवळ कापलेली नस शिवली तर हातापर्यंतचे पंचवीस सेंटिमीटर भरून यायला आठ-नऊ महिने. दर भेटीत आम्हाला ती कुठवर आली हे बघायचं असतं आणि त्याला यंत्रही लागत नाही. नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत यायचं. वाढत्या टोकावर टिचकी पडली की पेशंट म्हणतो, 'हां, इथे, बोटांत झिणझिण्या आल्या.' तिथे पेनने खूण करायची. पुढच्या महिन्यात खूण तीनेक सेंटिमीटर पुढे सरकलेली असली तर गाडी रुळावर आहे. तिथेच अडली असेल तर सर्जनला फोन.